एक कमठा, अनेक तीर



धनुष्यबाण म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें रामचंद्र उभे राहतात, नाहीं तर अर्जुन. शहरांतील घरांत बाण तसबिरींत असतो आणि कीर्तनांत असतो. मी ज्या पोंभुर्ण्याचा रहिवासी आहें त्या बाजूस, अंधारी आणि वैनगंगा यांच्या रानांत, आणि वैनगंगेपलीकडचा जो मुलूख १९८२ सालीं निराळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला त्या मुलखांत, तिरकमठा हा कुऱ्हाड-कोयत्यासारखाच संसारांतील जिन्नस होता. गोंडी भाषेंत कमठ्याला ‘विल’ म्हणतात. तेलुगूंतील ‘विल्लु’ त्याचाच भाऊबंद. पेरणीपूर्वीं बिजा पंडुम हा बियाण्याचा सण येई, आणि त्या सुमारास गांवची गांवें मिळून पारधीस निघत.

या जोडीपैकीं कमठ्याची वर्णनें पुष्कळ झालीं आहेत. मला आज तीराविषयीं बोलावयाचें आहे. कमठा एक असला तरी चालतो. तीर मात्र सावज पाहून, झाडी पाहून, आणि तो ज्या कमठ्यावर चढावयाचा तो कमठा पाहून निवडावा लागतो. ही निवड हीच खरी विद्या होती, आणि ती कोणत्याही शाळेंत शिकविली जात नव्हती.

प्रथम काडीचें पाहूं. आमच्याकडील बांबू बहुतेक मानवेल जातीचा. तो कोरड्या, खडकाळ जागीं वाढला कीं आंतून जवळजवळ भरीव होतो. त्याचाच कमठा होतो, आणि त्याच्याच सालीची पातळ चोप काढून कमठ्याची दोरीही होते. तीराला बारीक बांबू किंवा बोरू लागतो. तो कोवळा असतां कामा नये, कारण वाळतांना कोवळी काडी आकसते आणि पीळ खाते. पावसाळ्यांत तोडला तरीही उपयोग नाहीं. त्या दिवसांत तोडलेल्या बांबूला घुण लवकर लागतो असें मानतात. म्हणून काडी हिंवाळ्यांत तोडावयाची, सावलींत वाळवावयाची, विस्तवावर शेंकून सरळ करावयाची, आणि एक डोळा मिटून तिच्या अंगावरून नजर टाकावयाची. आम्हां जुन्या मास्तरांना बांबूची पारख छडीपुरतीच होती, आणि तिची परीक्षा विद्यार्थी देत. ही परीक्षा त्याहून पुष्कळच कठीण!

आतां गंमत अशी पाहा. इ. स. १३६३ मध्यें संकलित झालेल्या शार्ङ्गधरपद्धति या संस्कृत ग्रंथांत धनुर्वेदाचें एक प्रकरण आहे. त्यांत शराची काडी कशी असावी हें सांगितलें आहे : पिकलेली, पांढुरकी, योग्य ऋतूंत आणलेली, जाडीला करंगळीएवढी, लांबीला दोन हातांस एक मूठ कमी. ‘शर’ हा शब्दच मुळीं एका गवताचें नांव आहे. त्या गवताच्या काडीवरून बाणाला तें नांव पडलें. पुढें ग्रंथकार बाणाचे तीन भेद करतो. पुढें जाड तो स्त्रीजातीचा, आणि तो लांब जातो. मागें जाड तो पुरुषजातीचा, आणि तो कठीण वस्तु भेदतो. सर्वत्र सारखा तो नपुंसक, आणि तो नेम शिकण्यास उत्तम. नांवें सोडून द्या. वजन कोठें ठेवलें असतां तीर कसा वागतो, हा विचार त्यामागें आहे. संस्कृत पंडिताचा आणि ज्यानें पाटी कधीं हातीं धरली नाहीं अशा माडिया पारधकऱ्याचा ऋतु एकच आणि कसोटीही एकच. माझ्या मतें हें ज्ञान पंडितानें रानांतूनच उचललें असावें.

परंतु ग्रंथांत जिचा उलगडा नाहीं अशी एक गोष्ट रानांत नित्य अनुभवास येते. कमठ्याच्या मधोमध मूठ असते आणि तीर तिच्या बगलेस टेकलेला असतो. दोरी सुटली कीं ती मधल्या रेषेनें पुढें येते. भूमितीप्रमाणें पाहिलें तर तीरानें एका बाजूस तिरपें जावयास हवें, आणि तरी तो नेमावर जातो! याचें कारण असें कीं सुटतांना काडी सापासारखी वांकते, कमठ्याला वळसा घालून पुढें जाते आणि मग सरळ होते. पाश्चात्त्यांनीं विसाव्या शतकांत अतिशीघ्र छायाचित्रें घेऊन हें पडताळून पाहिलें. म्हणून काडीचा ताठपणा कमठ्याच्या जोराशीं जुळला पाहिजे. उजव्या हातानें दोरी ओढणाऱ्याची काडी फार लवचिक असली तर तीर उजवीकडे जातो, फार ताठ असली तर डावीकडे. आज क्रीडास्पर्धांतील तिरंदाजाच्या काडीवर हा ताठपणा अंकानें छापलेला असतो. ८८० ग्रॅमचें वजन टांगून ती किती वांकते तें मोजतात. रानांतल्या माणसाला हेंच मोजमाप दोन हातांनीं काडी वांकवून करावें लागे. भावाच्या कमठ्यासाठीं केलेला तीर आपल्या कमठ्यावर चालेलच असें नाहीं, तो याच कारणानें.

टोंकाची निवड सावजावर. बंदुकीची गोळी धक्क्यानें पाडते. तीर कापतो, आणि रक्तस्रावानें जनावर पडतें. म्हणून हरिणासाठीं, रानडुकरासाठीं लोखंडी रुंद पातें हवें, आणि तें धारदार हवें. पात्याला मागें वळलेले कांटे ठेवतात, म्हणजे सावज झाडींतून पळालें तरी तीर गळून पडत नाहीं. तीर वजनदार असला कीं जवळून खोल शिरतो. हलका लांब जातो, पण शिरत नाहीं. दाट बांबूच्या रानांत लांबून नेम धरावयास मोकळी जागा मिळतेच कोठें? तेथें वजनदार तीरच खरा. पांखरासाठीं मात्र लोखंड नको. तेथें लाकडी बोंडाचा बोथट तीर. तो पांखराला ठोसा देऊन पाडतो, मांस फाडत नाहीं, आणि मुख्य म्हणजे नेम चुकला तर उंच फांदींत रुतून न बसतां खालीं येतो. एका तीरामागें किती दिवसांचें काम असतें हें ज्याला ठाऊक, त्यालाच ही काटकसर सुचणार. लोखंडही दूरचें नव्हतें : लोहारा, देवलगांव, सुरजागड येथील खनिज प्रसिद्ध आहे, आणि गांवठी भट्ट्यांत तें गाळणारे कारागीर या जिल्ह्यांत होते.

पिसांचें थोडक्यांत सांगतों. मोर आणि गिधाड यांचीं पिसें शार्ङ्गधरानेंही नमूद केलीं आहेत. मोर आज कायद्यानें संरक्षित आहे. आणि गिधाडें गुरांना देण्यांत येणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधानें इतकीं मेलीं कीं २००६ सालीं त्या औषधाचा गुरांसाठींचा वापर बंद करावा लागला.

ही विद्या मागें कां पडली? १८५७ च्या उठावानंतर सरकार हत्यारांकडे संशयानें पाहूं लागलें. आमच्याच भागांतील बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास फांशी झाली. पुढें १८७८ हें एकच साल दोन कायदे घेऊन आलें. वनकायद्यानें राखीव जंगलांतील शिकार आणि मासेमारी नियमांत आणली. हत्यारांच्या कायद्यानें बंदूक, तरवार, भाला यांच्या पंक्तीस धनुष्यबाणही बसविला. ज्या काडीनें कुटुंबाच्या हंडींत मांस पडे, ती काडी कागदोपत्रीं शस्त्र झाली. स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारच बंद झाली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानें आदिवासींना पुष्कळ हक्क दिले तरी शिकारीचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांत वगळला.

या बंदीस माझा विरोध नाहीं. गडचिरोलींत कोलामार्का येथें रानम्हशींसाठीं २०१३ सालीं राखीव क्षेत्र करावें लागलें, यावरून काय उरलें आहे तें दिसतें. परंतु रान ओस पडलें तें काय वीस पावलांवरून सुटणाऱ्या बांबूच्या काडीनें, कीं बंदुकीनें आणि कुऱ्हाडीच्या ठेक्यांनीं, हें ठरवितांना सारा दोष दुबळ्याच्या पदरीं घालूं नये.

शिकार बंद झाली म्हणून ज्ञानही बुडावें असें नाहीं. अमेरिकेंत याही जमातीचा शेवटचा मनुष्य, इशी, १९११ सालीं लोकांत आला. सॅक्स्टन पोप या डॉक्टरांनीं त्याच्यापाशीं बसून काडी, पिसें, टोंक यांची सर्व रीत शिकून घेतली. इशी १९१६ सालीं वारला आणि १९१८ सालीं पोप यांचा ‘याही आर्चरी’ हा निबंध छापून निघाला. आमच्याकडे इंद्रावतीपलीकडच्या माडियांवर ग्रिग्सन यांनीं १९३८ सालीं मोठा ग्रंथ लिहिला. अलीकडच्या तीरावर तेवढ्या बारकाईनें तीराचा अभ्यास व्हावयास हवा. संग्रहालयाच्या कपाटांत बाणांची जुडी ठेवून खालीं ‘आदिवासींचे बाण’ अशी चिठ्ठी लावली म्हणजे काम संपत नाहीं. आपल्यापैकीं कोणी त्या बाजूस गेलेंच, तर आढ्याला खोंचलेला जुना तीर दाखवून घरांतल्या म्हाताऱ्या माणसास तीन गोष्टी विचारा : काडी कोणत्या महिन्यांत तोडली, तीर कोणाच्या कमठ्यासाठीं केला, आणि कोणत्या सावजासाठीं. आणि उत्तर मिळेल तें तेथेंच वहींत उतरवून घ्या.