झेरॉक्स दिली की वहीचा पत्ता?

मैत्रिणीला नोट्सची झेरॉक्स दिलीत आणि तिने त्यावर खाडाखोड केली, तरी तुमची वही शाबूत. पण 'वही कपाटात आहे, घे' एवढंच सांगितलंत, तर खाडाखोड थेट मूळ वहीत! प्रोग्रॅमिंगमध्ये पहिला झाला व्हॅल्यू टाइप, दुसरा रेफरन्स टाइप. हा फरक प्रोग्रॅम स्वतःच ओळखायला कसा शिकला, त्याची आजची गोष्ट.

१९७०च्या दशकात, योगायोगाने झेरॉक्स कंपनीच्याच पार्क प्रयोगशाळेत, ॲलन के आणि सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक भाषा घडवली. तिथे साधा ३ हा आकडासुद्धा ऑब्जेक्ट. कुणालाही विचारा, 'तुझा क्लास कोणता?' उत्तर मिळणारच. चालू प्रोग्रॅमने असं स्वतःकडे पाहणं म्हणजे रिफ्लेक्शन. १९८२ मध्ये ब्रायन कँटवेल स्मिथ यांनी एमआयटीतल्या प्रबंधात ही कल्पना सविस्तर मांडली.

मग १९९६ला जावा आली. तिने वेगासाठी आठ प्रिमिटिव्ह टाइप ऑब्जेक्टच्या जगाबाहेर ठेवले. १९९७च्या १.१ आवृत्तीत रिफ्लेक्शन आलं आणि सोबत 'इझ-प्रिमिटिव्ह' हा प्रश्नही. पण गोम अशी, की 'इंट' लिस्टमध्ये टाकायचा तर तो 'इंटिजर' ऑब्जेक्टमध्ये गुंडाळावा लागतो. मग त्याचा क्लास काढून तोच प्रश्न विचारा, उत्तर येतं 'नाही'!

२००२मध्ये डॉटनेट आलं. अँडर्स हेल्सबर्ग यांच्या सी-शार्पमध्ये 'स्ट्रक्ट' लिहून आपले आपण व्हॅल्यू टाइप बनवता येतात. आता आठांची यादी पाठ करून भागेना. म्हणून इथे प्रत्येक टाइपला विचारता येतं, 'इझ-व्हॅल्यू-टाइप?' गुंडाळलेला आकडाही इथे प्रामाणिकपणे 'हो' म्हणतो.

याने फरक काय पडतो? समजा, तुम्ही 'अनडू' बटणासाठी कुठल्याही ऑब्जेक्टची प्रत ठेवणारा कोड लिहिताय. रेफरन्स ओळखला नाही, तर प्रत म्हणून नुसता पत्ताच जपाल. युजर चित्र बदलेल, तुमची 'जुनी' प्रतही बदलेल आणि अनडू दाबून काहीच परत येणार नाही.

आणि 'हो' ऐकून लगेच निर्धास्त होऊ नका. स्ट्रक्टच्या आतल्या एखाद्या फील्डमध्ये रेफरन्स असू शकतो. म्हणून प्रत्येक फील्डला पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. कारण मंडळी, झेरॉक्सच्या कागदावरही कपाटाचा पत्ता लिहिलेला असू शकतो!