‘मी’च्या अभ्यासाकडे येताना

माणूस स्वतःला कसा ओळखतो, हा प्रश्न संतांनी आणि तत्त्वज्ञांनी शतकानुशतके विचारला. प्रयोगशाळेत तो बराच उशिरा पोचला. विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हा तयार केलेल्या निरीक्षकाने स्वतःचाच अनुभव न्याहाळून सांगावा, ही अभ्यासाची एक मान्य रीत होती. पुढे वर्तनवाद्यांनी ती बेभरवशाची ठरवून टाकून दिली आणि तिच्याबरोबर ‘मी’ हा विषयही बराच काळ मागे पडला. 1970च्या दशकापासून त्याला नव्याने गती आली. तेव्हापासून जे ज्ञान जमले आहे, ते आपल्या रोजच्या जगण्याला इतके लागून आहे की ते विद्यापीठांच्या चार भिंतींत राहू नये, असे मला मनापासून वाटते. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या वाचकांनीही इथे निःसंकोच यावे.

सुरुवात विल्यम जेम्स यांच्यापासून करणे उत्तम. 1890 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विखंडी ग्रंथात आत्मभानावर एक मोठे प्रकरण आहे. जाणणारा ‘मी’ आणि जाणला जाणारा ‘मी’ यांत त्यांनी फरक केला. दुसऱ्यात त्यांनी केवळ मनच नव्हे, तर शरीर, कपडे, घर, कुटुंब आणि इतरांच्या मनातली आपली प्रतिमा हेही सगळे धरले. हा भेद पहिल्या वाचनात कोरडा वाटण्याची शक्यता आहे. तसे वाटल्यास दया पवारांचे ‘बलुतं’ हाताशी घ्यावे. 1978 साली आलेल्या या आत्मकथनात लेखक दया पवार आणि दगडू मारुती पवार समोरासमोर येतात. एक सांगतो, दुसरा ऐकतो, आणि दोघे मिळून एकच माणूस असतो. जेम्सची विभागणी इतकी जिवंत झालेली क्वचितच वाचायला मिळते. आयुष्याची गोष्ट रचत रचत माणूस आपली ओळख घडवतो, हे डॅन मॅकॅडम्स यांनी पुढे संशोधनातून मांडले. मराठी आत्मकथनांच्या वाचकाला या वाटेची ओळख आधीपासूनच आहे, ही आपली मोठी शिदोरी आहे.

या क्षेत्राचा कणा मात्र एका साध्या प्रयोगात दिसतो, म्हणून तो जरा जवळून पाहू. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी अमेरिकेतल्या अॅन आर्बर शहराजवळच्या एका स्वस्त मालाच्या दुकानात टेबल मांडले. त्यावर नायलॉनच्या लांब मोज्यांचे चार जोड ओळीने ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारले, यातला सर्वांत चांगल्या प्रतीचा कोणता? चारही जोड अगदी एकसारखे होते. तरीही डावीकडून पहिला जोड 12 टक्के लोकांनी निवडला, तर सर्वांत उजवीकडचा 40 टक्के लोकांनी. का निवडला असे विचारल्यावर लोक विणीबद्दल, पोताबद्दल बोलले. जागेचे नाव कोणीच घेतले नाही. जागेमुळे निवड झाली असेल का, असे थेट विचारले तेव्हा जवळजवळ सर्वांनी ते नाकारले. काहींनी तर विचारणाऱ्याकडेच काळजीने पाहिले. 1977 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या दोघांनी मांडले की आपल्या निवडीमागचे खरे कारण आपल्याला पुष्कळदा दिसतच नाही. आपण पटण्याजोगे कारण शोधतो आणि तेच आठवले असे समजतो.

इथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे लोक खोटे बोलत नव्हते. ‘माणूस स्वतःला फसवतो’ असा घाईचा निष्कर्ष काढून हे संशोधन मिटवून ठेवणे म्हणजे त्यातला सर्वांत मोलाचा भाग सोडून देणे. या निबंधावर टीकाही झाली आणि ती वाचण्यासारखी आहे. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी 1980 साली दाखवले की एखादे कोडे सोडवत असतानाच माणसाला मनातले विचार मोठ्याने बोलायला सांगितले, तर त्याचे बोलणे बऱ्याच अंशी विश्वासार्ह असते. म्हणजे मनात या क्षणी काय चालले आहे, ते आपल्याला बरेच सांगता येते. ते का चालले आहे, हे सांगताना गाडी अडते. ही सीमारेषा नेमकी कुठे जाते, हाच या क्षेत्रातला अजून जागा असलेला वाद आहे, आणि नवख्या वाचकाने त्यात भाग घ्यायला काहीच हरकत नाही.

मग आपल्याला अधिक कोण ओळखते, आपण की आपली माणसे? सिमीन वझीर यांनी 2010 साली याचे सुरेख उत्तर दिले. मनातली चिंता, धास्ती अशा आतल्या गोष्टी माणूस स्वतः जास्त अचूक सांगतो. बुद्धिमत्तेसारख्या ज्या गुणांत आपली प्रतिष्ठा गुंतलेली असते, त्यांबद्दल मित्रांचा अंदाज अधिक बरोबर ठरतो. घरातले कोणी सहज काही बोलून गेले आणि ते आपल्याला झोंबले, तर त्यात तथ्य असू शकते, एवढे मानायला हा निष्कर्ष पुरेसा आहे.

एका बाबतीत मात्र मराठी वाचकाने सावध राहावे. या क्षेत्रातले बहुतेक प्रयोग अमेरिका आणि युरोपातल्या लोकांवर, त्यातही विद्यार्थ्यांवर झाले आहेत. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी 1991 साली आठवण करून दिली की अनेक समाजांत ‘मी’ हा नात्यांपासून वेगळा काढता येत नाही. आपल्याकडे ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला ‘आम्ही साताऱ्याकडचे, अमक्यांची धाकटी सून’ असे उत्तर येते, ते काही टाळाटाळ म्हणून नव्हे. रमाबाई रानडे यांच्या 1910 सालच्या आठवणी वाचताना हेच जाणवते: बाईंचे आत्मचरित्र पती न्यायमूर्ती रानडे यांच्या चरित्रात इतके मिसळलेले आहे की दोन्ही वेगळी करता येत नाहीत, आणि करूही नयेत. तेव्हा एखादा निष्कर्ष तुम्हाला आपल्या माणसांना लागू होईना असे वाटले, तर तो लगेच स्वीकारू नका आणि लगेच झटकूही नका. बाजूला लिहून ठेवा.

वाचनाची पद्धतही त्याला साजेशी असावी. प्रयोग वाचताना निष्कर्षाच्या परिच्छेदापाशी थोडे थांबा, आपण त्या टेबलापुढे उभे असतो तर काय निवडले असते आणि कोणते कारण दिले असते, ते कागदावर उतरवा, मगच पुढे जा. वेग कमी होईल, पण विषय स्वतःचा होईल. मराठी घरांत, मराठी बोलणाऱ्या माणसांवर असे प्रयोग आणखी व्हायला हवेत. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी विद्यार्थी असेल, तर त्याने किंवा तिने हे काम जरूर हाती घ्यावे.