जनरेटरला गिऱ्हाईक मिळतं

जनरेटरचा जन्म १८३१ सालचा. पण पोटापाण्याचा पहिला धंदा त्याला मिळाला तो १८४४ साली, बर्मिंगहॅममध्ये, आणि तोही भांड्यांवर मुलामा चढवण्याचा. मधली तेरा वर्षं तो प्रयोगशाळांत आणि व्याख्यानांच्या टेबलांवर ठिणग्या उडवून दाखवत होता. या घराण्याचा पुढचा इतिहास चाळला तर हाच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. कल्पना केव्हाच तयार असते. यंत्र खोळंबलेलं असतं ते गिऱ्हाइकासाठी.

मूळपुरुष मायकेल फॅरडे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८३१ च्या ऑगस्टअखेरीस त्यांनी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातला प्रवाह सुरू किंवा बंद केला की तेवढ्या क्षणापुरता दुसऱ्यातही प्रवाह उमटत होता. दोन महिन्यांनी, २८ ऑक्टोबरला, त्यांनी मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवली. एक तार चकतीच्या आसाला, दुसरी कडेला. चकती फिरते आहे तोवर प्रवाह वाहत राहिला. जनरेटर तयार झाला तो एवढ्यावरच. यापुढे यंत्र वाढवत बसण्यात फॅरडेंना रस नव्हता. मिळालेला जोर वाढवण्यापेक्षा नवी तथ्यं शोधणं आपल्याला अधिक आवडतं, अशा अर्थाचं त्यांनी लिहूनही ठेवलं. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या हिपोलिट पिक्सी या उपकरणं बनवणाऱ्या कारागिराने हाताने फिरवायचं यंत्र केलं. त्यात प्रवाहाची दिशा अर्ध्या फेऱ्यागणिक उलटायची. अँपिअर यांच्या सूचनेवरून त्याने कम्युटेटर बसवला आणि दिशा एक केली. यंत्र झकास होतं. विकत घेऊन त्याचं करायचं काय, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

उत्तर दिलं मुलामेवाल्यांनी. विजेने मुलामा चढवायचा तर रासायनिक बॅटऱ्या लागत. त्यात जस्त झिजे, आम्ल संपे, आणि खर्च काही केल्या थांबत नसे. बर्मिंगहॅमला कोळसा आणि वाफेची इंजिनं मुबलक. जॉन स्टीफन वूलरिच यांच्या आराखड्यावरून प्राइम यांच्या कारखान्यासाठी १८४४ मध्ये जे यंत्र बांधलं, ते औद्योगिक कामाला जुंपलेलं सर्वांत जुनं विद्युत जनित्र मानलं जातं. बर्मिंगहॅमच्या थिंकटँक संग्रहालयात ते अजून आहे.

दुसरं गिऱ्हाईक समुद्रावरचं. फ्रेडरिक हेल होम्स यांनी डिसेंबर १८५८ मध्ये इंग्लंडच्या साउथ फोरलँड दीपगृहात वाफेवर चालणारं जनित्र लावून कमानदिवा पेटवला. दीपगृहांचा कारभार पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउसचे वैज्ञानिक सल्लागार तेव्हा कोण होते? फॅरडे! सत्तावीस वर्षांपूर्वीची आपली चकती दर्यावर उजेड पाडते आहे की नाही, हे तपासायची पाळी सदुसष्टाव्या वर्षी त्यांच्यावरच आली. त्यांनी दिव्याला पसंती दिली.

पण ही यंत्रं अगडबंब होती, कारण त्यांत कायमचुंबक वापरत. कायमचुंबकाचं बळ बेताचंच, म्हणून ते डझनांनी लावायचे. कायमचुंबकाऐवजी विद्युतचुंबक घ्यावा, तर त्याला आधी वीज हवी. आणि ती बनवायलाच तर हे यंत्र. हा तिढा ज्या युक्तीने सुटला, ती मला या सगळ्या कुळकथेतली सर्वांत देखणी वाटते. विद्युतचुंबकाचं लोखंड एकदा चुंबकित झालं की प्रवाह बंद केल्यावरही त्यात किंचित चुंबकत्व उरतं. यंत्र फिरवलं की त्या उरल्यासुरल्या चुंबकत्वातून कणभर वीज निघते. ती चुंबकाच्याच वेटोळ्याला द्यायची. चुंबक थोडा तगडा होतो, वीज थोडी वाढते, ती पुन्हा चुंबकाला. काही क्षणांत यंत्र पूर्ण जोरावर येतं. ब्रशवाला जनरेटर वर्ष-दोन वर्षं धूळ खात पडला की इंजिन चालतं पण दिवा लागत नाही. तेव्हा मेकॅनिक वेटोळ्याला क्षणभर बारा व्होल्टची बॅटरी दाखवतो, ती हे हरवलेलं चुंबकत्व परत आणण्यासाठीच.

ही युक्ती सुचली कुणाला? वेर्नर सीमेन्सनी डिसेंबर १८६६ मध्ये बर्लिनमध्ये ती दाखवली. त्याच महिन्यात इंग्लंडात व्हार्ली बंधूंनी पेटंटचा अर्ज केला. १४ फेब्रुवारी १८६७ ला लंडनच्या रॉयल सोसायटीत सीमेन्सचे भाऊ विल्यम आणि भौतिकशास्त्रज्ञ व्हीटस्टन यांचे याच विषयावरचे निबंध एकाच बैठकीत वाचले गेले. आणि या सर्वांच्या काही वर्षं आधी हंगेरीतले आन्योश येदलिक नावाचे बेनेडिक्टाइन पंथाचे पाद्री-प्राध्यापक हे तत्त्व वापरून मोकळे झाले होते. त्यांनी पेटंट घेतलं नाही, गाजावाजा केला नाही. सीमेन्सचा तारायंत्रांचा कारखाना होता, येदलिकांचा भौतिकशास्त्राचा वर्ग. इतिहासाने श्रेय कुणाला दिलं हे सांगायला नकोच.

पुढचा टप्पा भरभर झाला. झेनोब ग्राम या मूळच्या बेल्जियन सुतारकाम करणाऱ्या माणसाने १८७१ मध्ये पॅरिसला सलग, स्थिर प्रवाह देणारा डायनॅमो सादर केला. एडिसननी १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र उघडलं. वीज तारेतून घरी येऊ लागली आणि जनरेटर गावाबाहेर गेला.

तारा पोचल्या नाहीत तिथे मात्र त्याची धाकटी पाती वाढली. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांसाठी १९१६ मध्ये डेल्को-लाइट आला: छोटं इंजिन, ३२ व्होल्टचा डायनॅमो आणि काचेच्या बरण्यांतल्या बॅटऱ्या. १९२० मध्ये कोहलर या न्हाणीघराचं सामान बनवणाऱ्या कंपनीने बॅटऱ्यांची रांगच काढून टाकणारा संच आणला. आपल्याकडे जत्रेतल्या तंबू-सिनेमाला आणि तमाशाच्या फडाला ऑइल इंजिनावरच्या विजेचाच आधार असे. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये उभी राहिली.

हातात उचलून न्यायचा जनरेटर ही जपानची देणगी, आणि तिथेही गिऱ्हाईक आधी. सोनीने कुठेही नेता येईल असा छोटा टीव्ही काढला होता. त्याला घराबाहेर वीज कोण देणार? होंडाने १९६४ मध्ये त्यासाठी ई-४० हा चिमुकला संच केला, आणि १९६५ मध्ये सर्वांसाठी ई-३००, मूठ असलेली एक चौकोनी पेटी. हीच जात पुढे रुद्रपूरच्या श्रीराम होंडाच्या कारखान्यातून आपल्या बाजारपेठांत आली. पेट्रोलवर सुरू करायचा, गरम झाला की चावी फिरवून रॉकेलवर टाकायचा, कारण थंड इंजिनात रॉकेलची नीट वाफ होत नाही. वरातीत डोक्यावरच्या गॅसबत्त्या जाऊन ट्यूबलाइटी आल्या, त्या मागच्या हातगाडीवरच्या जनरेटरच्या जोरावर. भारनियमनाच्या दिवसांत दुकानांसमोर संध्याकाळी जी घरघर चाले तीही याचीच.

याच नावाचं एक चुलत घराणं संगणकात आहे. रक्ताचं नातं नाही, पण स्वभाव तोच. १९५१ मध्ये फिलाडेल्फियात बेटी हॉलबर्टन यांनी युनिव्हॅक या संगणकासाठी सॉर्ट-मर्ज जनरेटर लिहिला. त्या एनिअ‍ॅक या संगणकाच्या पहिल्या सहा प्रोग्रामर स्त्रियांपैकी एक. फितीवरच्या नोंदी कशा आहेत, कोणत्या रकान्यावरून लावायच्या, एवढं सांगितलं की हा जनरेटर वर्गवारीचा नेमका प्रोग्राम स्वतः लिहून द्यायचा. संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांना कंपायलरची दिशा सापडली ती यातून, असं त्या स्वतः सांगत. गिऱ्हाईक होतं फितींवर नोंदींचे ढीग साठवणाऱ्या कचेऱ्या. पुढे आयबीएमच्या १४०१ यंत्रासाठी रिपोर्ट प्रोग्राम जनरेटर, म्हणजे आरपीजी, निघाला तो हिशेबखात्यांसाठी. आरपीजीत लिहिलेले हिशेब आजही चालू आहेत, हे नव्या पिढीच्या प्रोग्रामरांना खरं वाटत नाही.

पायथन भाषेत २००१ पासून जनरेटर आहे, त्याची रीत वेगळी. लाखभर आकडे हवे असले तरी तो सगळे आधी तयार करून ठेवत नाही; मागाल तेव्हा एक देतो आणि पुढच्या मागणीपर्यंत तिथेच थांबतो. नवे इन्व्हर्टर जनरेटरही मागणी पाहूनच चालतात. जुन्या दोन ध्रुवांच्या संचाला ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३००० फेरे घ्यावेच लागत, मग भार एका दिव्याचा असो की दहा. नव्यात वीज आधी एकदिश करून इलेक्ट्रॉनिक्सने पुन्हा ५० हर्ट्झची घडवतात, त्यामुळे भार कमी असला की इंजिनही हळू चालतं आणि आवाज उतरतो.

घराघरांतून बॅटरीवाल्या इन्व्हर्टरने छोट्या जनरेटरला केव्हाच हुसकावलं. मोठ्या डिझेल संचांना मात्र नवं गिऱ्हाईक मिळालं आहे, तेही चुलत घराण्यातलंच: संगणक. नवी मुंबईत ऐरोली-महापे भागातल्या डेटा सेंटरांत हे संच ओळीने उभे असतात. बाहेरची वीज गेली की बॅटऱ्या काही मिनिटं भार सांभाळतात आणि तेवढ्यात डिझेल इंजिनं जोर धरतात. वीज जात नाही तोवर त्यांना एकच काम असतं, ठरल्या दिवशी चाचणीपुरतं सुरू होऊन पुन्हा बंद होण्याचं.