चित्राची जागा

खिळ्यांच्या छपाईच्या काळात मासिकात फोटो छापायचा तर आधी त्याचा ब्लॉक करून घ्यावा लागे. वर धातूचा पत्रा, खाली लाकडाचा ठोकळा. पैसे चौरस इंचावर मोजले जात, आणि एकदा तयार झालेला ब्लॉक लहान-मोठा करता येत नसे. म्हणून माप आधीच ठरवावं लागे. जुळारी तेवढी जागा सोडून मजकूर जुळवी. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला सचित्र अंकांची गोडी लागली. त्या गोडीमागे हे मोजमाप होतं.

महाजालावरच्या चित्रांचा इतिहास थोडा उलटा आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये मार्क अँड्रीसनने एचटीएमएलमध्ये चित्रासाठी 'आयएमजी' हा टॅग सुचवला, तेव्हा त्यात फक्त चित्राचा पत्ता होता, माप नव्हतं. रुंदी-उंची लिहायची सोय नंतर नेटस्केपने केली, आणि जानेवारी १९९७च्या एचटीएमएल ३.२ मध्ये ती प्रमाण ठरली. आठवतात ना ५६ के मोडेमचे दिवस? सत्तर किलोबाइटचा फोटो उतरायला हिशेबाने दहा सेकंद, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. पण माप लिहिलेलं असलं की ब्राउझर तेवढी जागा रिकामी सोडून मजकूर दाखवून टाकी. आपण वाचत राहायचो, फोटो सावकाश उमटायचा. जुळाऱ्याचंच काम ते.

मग फोन आले. मे २०१० मध्ये इथन मार्कॉट यांनी एकच पान लहान-मोठ्या सगळ्या पडद्यांवर बसवण्याची पद्धत मांडली. चित्राने आपली चौकट ओलांडायची नाही, आणि उंची आपोआप ठरू द्यायची. सोय झाली खरी, पण आता उंची आधी कळेना. चित्र येताच मजकूर खाली उडी मारी आणि वाचत असलेली ओळ हरवे. २०१९च्या अखेरीस फायरफॉक्स आणि क्रोम पानात लिहिलेल्या रुंदी-उंचीवरून चित्राचं प्रमाण काढून जागा राखू लागले. मधल्या काळात अनेकांनी सोडून दिलेली जुनी सवय पुन्हा कामाला आली!

जेकिल (२००८) आणि ह्यूगो (२०१३) यांसारख्या अवजारांत तर हे फारच सोपं. त्यांत पान वाचकाने मागितल्यावर नव्हे, आधीच तयार होतं. म्हणजे प्रत्येक फोटो निवांत मोजून त्याचे आकडे पानात लिहिता येतात. ह्यूगोत २०१७च्या अखेरीस फोटो लहान करण्याची आणि कापण्याचीही सोय आली.

या कापण्याबद्दल मात्र थोडं बोलायचंय. नातेवाइकांसाठी मी म्हसवडच्या जुन्या फोटोंचं संकेतस्थळ करतोय. राजेवाडीच्या तलावाचा फोटो आडवा. देवदिवाळीला निघणारा सिद्धनाथाचा रथ मात्र उंच, त्याचा फोटो उभाच. मी घेतलेल्या थीममध्ये सगळ्या चित्रांना एकच आडवी चौकट होती आणि आज्ञा होती 'फिल', म्हणजे चौकट भरा, उरलेलं कापा. तलाव झकास बसला. रथाचा वरून कळस गेला, आणि खालून दोरखंड धरलेले, गुलालाने माखलेले आमचे आजोबा गेले. आजोबांचा रथाबरोबरचा तेवढा एकच फोटो आमच्याकडे आहे.

'फिल'च्या जागी 'फिट' लिहिलं की अख्खा फोटो दिलेल्या मापात बसतो, काही कापलं जात नाही. पानावरची रांग थोडी वाकडी दिसते. दिसू दे.

थीम करणाऱ्याचा दोष नाही. त्याच्या डोळ्यांपुढे आडवीच चित्रं असणार. पण पानाची शिस्त आणि चित्रातली माणसं यांत निवड करायची वेळ आली, तर ती चौकटीवर सोडू नये. ब्लॉक करायला देताना काय ठेवायचं नि काय कापायचं हे कुणीतरी फोटोकडे नीट बघून ठरवत असे. तेवढं बघणं आपल्याकडेच राहू द्यावं. नवी थीम घेताना पहिल्यांदा एक उभा फोटो टाकून पाहा, दहा मिनिटांचं काम आहे.