जहाजाच्या कुशीवरची रेघ

आमची पंचवीस वर्षे गोदीच्या फाटकावर गेली. धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या कुशीवर एक फूटभर रुंदीचे वर्तुळ आणि त्याला आडवी छेदणारी रेघ दिसते. उन्हाळी समुद्रात पाणी या रेघेच्या वर चढता कामा नये, इतकाच माल भरायचा. शेजारी शिडीसारख्या आणखी रेघा असतात. गोड्या पाण्यात जहाज जरा अधिक बुडते, म्हणून तिथली रेघ वर. उत्तर अटलांटिकचा हिवाळा खवळलेला, म्हणून तिथली सर्वांत खाली.

ही रेघ कोणा शास्त्रज्ञाच्या टेबलावर जन्मली नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कुजकी, विम्याने फुगवलेली जहाजे काठोकाठ भरून दर्यावर लोटली जात. बुडाले तरी मालकाच्या पदरात विमा पडे. खलाशाने करारावर सही केली आणि मग जहाज पाहून पाऊल मागे घेतले, तर त्याला तुरुंग! काम नाकारणे हा गुन्हा, बुडवणे हा व्यापार. (संपाचे कायदे वाचताना आम्हांला हे फारसे अनोळखी वाटले नाही.)

सॅम्युअल प्लिम्सॉल हा कोळशाचा व्यापारी, डर्बीचा खासदार. १८७३ मध्ये त्याने खलाशांच्या हालांवर पुस्तक लिहिले. २२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरायली यांनी जहाजांचे विधेयक बाजूला ठेवले, तेव्हा हा गृहस्थ भर पार्लमेंटात मुठी आवळून ओरडला. पुढे त्याला माफी मागावी लागली, पण लोक खवळले होते. न्यायाने सांगायचे तर, अशी रेघ हवी हे त्याच्या आधी टाईनकाठच्या जेम्स हॉल या जहाजमालकानेच मांडले होते. सगळे मालक एका माळेचे मणी नसतात.

१८७६ मध्ये कायदा झाला आणि रेघ सक्तीची झाली. मात्र ती कुठे काढायची हे मालकाने ठरवायचे! एका कप्तानाने ती धुरांड्यावर रंगवली, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी कोण जाणे. कायद्याने त्याला अडवले नसते एवढे मात्र खरे. रेघेची जागा सरकारी नियमाने ठरायला १८९० साल उजाडले. मधली चौदा वर्षे कायदा होता, रेघ होती, आणि मोजमाप मालकाच्या हाती होते.

१९०६ मध्ये इंग्लंडने हा नियम आपल्या बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांनाही लावला. पण त्याच सुमारास मोजमाप सैल करून जहाजे अधिक खोल भरायची मुभा दिली. देशोदेशींचा करार व्हायला १९३० साल लागले, आणि त्याची जागा पुढे १९६६ च्या कराराने घेतली. आता दाखला फार तर पाच वर्षांचा आणि तपासणी दरसाल. तपासनीस मालाच्या खणांची झाकणे, दारे, हवेची नळकांडी पाहतो. पाणी आत शिरायचे ते तिथूनच. आणि रेघ नुसती रंगवलेली चालत नाही. पोलादावर ठोकून किंवा वितळजोडाने ती कायमची उठवलेली असावी लागते, रंग खरवडला तरी जागा हलू नये म्हणून.