अधिकारकालवाचक मराठी शब्द : वतनापासून पदावधीपर्यंत

एखादी व्यक्ती एखादे अधिकारपद किती काळ सांभाळते, हे सांगण्यासाठी मराठीत कारकीर्द, अमदानी, अंमल, मुदत, कार्यकाल, पदावधी असे अनेक शब्द आहेत. व्यवहारात ते पुष्कळदा एकमेकांऐवजी योजले जातात. तथापि त्यांचा इतिहास पाहिला असता अधिकारपद ही कोणाची मालमत्ता आहे, की मर्यादित काळापुरती सोपविलेली जबाबदारी आहे, ह्या प्रश्नाची निरनिराळ्या काळांनी दिलेली उत्तरे त्यांत साठविलेली आढळतात.

प्रथम वतनाचा विचार करणे युक्त होईल. अरबीत ‘वतन’ म्हणजे वास्तव्याचे स्थान, स्वदेश. मराठीत मात्र पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे इत्यादिकांचा वंशपरंपरागत अधिकार व त्यास जोडलेले हक्क, इनाम व मानपान असा त्याचा अर्थ रूढ झाला. वतनपत्रांत ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ किंवा ‘अवलाद अफलाद’ अशी पदे येतात. येथे काळाचे माप वर्ष हे नसून पिढी हे आहे. पाटिलकीची वाटणी होई, निमी पाटिलकी विकलीही जाई. परंतु तिची मुदत संपत नसे. जेथे शेवटच कल्पिलेला नाही, तेथे मुदतवाचक शब्दाची गरज भासू नये, हे स्वाभाविकच होय. महादजी शिंदे ह्यांनी १७८४ मध्ये दिल्लीच्या पातशाहीत वकील-इ-मुतलक हे पद मिळविले, तरी ‘पाटील’ हीच ओळख त्यांनी अभिमानाने जपली, ह्याचे मर्म ह्यातच आहे. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी नवीन वतने देण्याविरुद्ध दिलेला इशाराही ह्याच दृष्टीने वाचावयास हवा : न संपणारा अधिकार राजसत्तेत वाटेकरी निर्माण करतो.

प्रधानपदांची गोष्ट तत्त्वतः निराळी होती. शिवकालात ती वंशपरंपरागत मानलेली नव्हती. परंतु १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथास मिळालेली पेशवाई १७२० मध्ये त्याच्या पुत्राकडे व १७४० मध्ये नातवाकडे गेली. पद सरकारी राहिले. त्याची चाल मात्र वतनाची झाली.

ह्याच्या उलट कमाविसदार व मामलेदार हे सरकारने नेमलेले अधिकारी. त्यांस मामलत ‘सांगितली’ जाई व ती काढूनही घेतली जाई. नेमणुकीचा हिशेब मृगसालाने, म्हणजे महसुली वर्षाने, चाले. ‘सालमजकूर’, ‘साल गुदस्त’ ही कागदोपत्री वारंवार येणारी पदे त्या हिशेबाचीच होत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती अधिक बोली करणारास मक्त्याने देण्याची चाल बळावली. ‘मक्ता’ ह्या शब्दाच्या मुळाशी असलेल्या अरबी धातूचा अर्थ तोडणे असा आहे. तोडून ठरविलेली रक्कम हा त्याचा अभिप्राय. मक्तेदाराची मुदत अल्प व अनिश्चित. म्हणून ती सरण्यापूर्वी भरपाई करून घेण्याची त्याची घाई, आणि तिची झळ रयतेस. न संपणारे वतन व धाप लागलेला मक्ता ही दोन टोके अशी समोरासमोर उभी राहतात.

शब्दार्थाच्या दृष्टीने पुढील तीन शब्द विशेष उद्बोधक आहेत. ‘कारकीर्द’ फारसी ‘कार्-कर्द’पासून आला असून त्याचा मूळ अर्थ केलेले काम. ‘अंमल’चा अरबी मूळ अर्थही कृती हाच. ‘अमदानी’ फारसी ‘आमदन’, म्हणजे येणे, ह्यापासून झालेला. मूळ अर्थ मिळकत. तिघांपैकी एकही मुळात कालवाचक नाही. काम, हुकमत व वसुली ह्यांवरून ते राज्याकडे आणि राज्यावरून त्याच्या काळाकडे वळले. अधिकाराचा काळ जोपर्यंत आगाऊ ठरलेला नव्हता, तोपर्यंत तो त्यात घडलेल्या गोष्टींनीच ओळखला जाणे भाग होते.

इंग्रजी अमदानीत १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने वतनांस नियमबद्ध केले. नष्ट केले नाही. वतनाचे अनंतत्व सर्वांस सारखे लाभदायकही नव्हते. महार वतनदारास ते अल्प मोबदल्यावर पिढ्यान्‌पिढ्या लादलेली वेठ ठरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात ह्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते त्यामुळेच. पुढे परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या, कनिष्ठ गाववतने १९५८ च्या व मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आले.

ह्याच सुमारास ‘पदावधी’ हा शब्द प्रशासनात स्थिरावला. ‘अवधी’चा संस्कृतातील मूळ अर्थ सीमा असा आहे. राष्ट्रपतीचा पदावधी पाच वर्षांचा, असे संविधानाचे ५६ वे अनुच्छेद सांगते. येथे शेवट आरंभीच ठरलेला असतो व शब्दाच्या पोटातच मर्यादा असते.

ह्यावरून संशोधकास एक व्यावहारिक सूचना मिळते. वतनदार पाटलाचा ‘कार्यकाल’ किंवा कमाविसदाराचा ‘पदावधी’ असे लिहिणे म्हणजे त्या काळास ठाऊक नसलेली मर्यादा त्याच्या माथी मारणे होय. कागदात जो शब्द असेल तोच प्रथम नोंदवावा व मग त्याचा अर्थ करावा. ‘कारकीर्द’ आज खेळाडूच्या व नटाच्या आयुष्यासही लावली जाते. पदावधी मात्र पदासच चिकटून राहिला आहे. पदावधी पंचांगाने संपतो. कारकीर्द कामाने मोजली जाते.