मधल्या जागेचे मोठेपण

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयाची पाटी वाचताना पुष्कळांची गफलत होते. ‘राजा’ ही पदवी असावी असे त्यांना वाटते. वस्तुतः ते एका मुलाचे नाव आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा हा मुलगा बालवयातच गेला आणि संग्रह त्याच्या नावाने उभा राहिला. त्या नावात संस्थापक येतो तो मराठी रीतीप्रमाणे मधल्या जागी, केवळ वडील म्हणून. केळकरांच्या कर्तृत्वाचे मर्म आम्हांस या मधल्या जागेत दिसते.

केळकर ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने कविता लिहीत. पुण्यात चष्म्यांचे दुकान चालविणाऱ्या या कवीने १९२० नंतरच्या काळात जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या (स्थापना १९१०) प्रेरणेने त्या काळी पुण्यात इतिहासाचा शोध प्रामुख्याने दप्तरांतून चालला होता. केळकर मात्र माजघरात आणि देवघरात शिरले. दिवे, अडकित्ते, वज्र्या, कुलपे, पानदाने, वाद्ये यांचा उल्लेख तहनाम्यात कशाला येईल? पण ज्या समाजाने तहनामे केले, तो समाज याच वस्तूंत जगत होता. त्या घडविणारे कारागीरही बहुतेक अज्ञातवासीच.

वर्गात ओवी किंवा लावणी शिकविताना आम्हांस या कार्याचे मोल विशेष जाणवते. वज्री, गंजिफा हे शब्द विद्यार्थ्यांना आता अर्थ सांगूनही पुरते उमगत नाहीत. ती वस्तू पाहिली की तळटीप अनावश्यक ठरते. शब्दकोशाने अर्धे सोडलेले काम येथे पूर्ण होते.

आज ज्याला कलाव्यवस्थापन म्हणतात, ते केळकरांनी त्या नावाच्या शास्त्राविना केले. पत्नी कमलाबाईंची साथ होती. वस्तू शोधणे, निवडणे, राहत्या घरात सांभाळणे, मांडणे, सारेच त्यात आले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो संग्रहालयात पुन्हा उभा केला. परंतु व्यवस्थापनाची खरी कसोटी आमच्या मते १९७५ साली लागली. त्या वर्षी त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. जमविणाऱ्याला सर्वांत अवघड असते ते सोडणे. आयुष्यभर वेचलेले आपले म्हणून न ठेवता आपल्या पश्चात टिकेल अशा हाती देणे, हा संग्राहकाचा संचालक होण्याचा क्षण होय.

पुढे पद्मश्रीसारखे सन्मान आले, ते योग्यच. तथापि वीस हजारांवर वस्तूंच्या या संचितापैकी थोडाच भाग दालनांत मांडता येतो. उरलेल्यांना अद्याप वाचक हवे आहेत. एखाद्या प्रबंधिकेचा विषय एखादा अडकित्ता झाला, तर अज्ञातवासींचा तो खरा गौरव ठरेल.